डाउनलोड झालेली फाइल कोणाची?

२७ मे २०२२ रोजी आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या बंगळुरू विभागीय कार्यालयाने एक सूचना काढली. आधारच्या झेरॉक्स प्रती कुणाच्याही हाती देऊ नका, हा तिचा मुख्य मुद्दा. पण त्यात आणखी एक ओळ होती: इंटरनेट कॅफे किंवा किऑस्कमधल्या संगणकावर ई-आधार डाउनलोड करणं टाळा, आणि केलंच तर त्या संगणकावरच्या सगळ्या प्रती कायमच्या पुसून टाका. दोनच दिवसांनी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ही सूचना मागे घेतली. तिचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता आहे, नागरिकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी, असं मंत्रालयाने सांगितलं. बोलणं झालं ते झेरॉक्सबद्दल. डाउनलोडची ओळ बाजूलाच राहिली.

अहिल्यानगर जिल्ह्यात ती ओळ बाजूला ठेवून चालत नाही. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, आणि सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याची पावती, महाडीबीटीचा अर्ज हे सगळं आता पीडीएफ होऊन येतं. ते उतरतं एक तर हातातल्या मोबाइलवर, नाही तर तालुक्याच्या रस्त्यावरच्या सेवा केंद्रातल्या संगणकावर. अशी फाइल आल्यावर ब्राउझरने तिचं काय करावं, कुठे ठेवावी, विचारून ठेवावी की न विचारता, तिच्यावर किती संशय घ्यावा आणि काम झाल्यावर ती कोणी पुसावी, यावर ब्राउझर बनवणारे आणि ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे गेली तीस वर्षं वाद घालत आहेत. तो वाद आज कुठे येऊन थांबला आहे, ते पाहू.

मागचा प्रवास

नेटस्केपच्या काळात, म्हणजे १९९४-९५ च्या सुमारास, ब्राउझरला जी फाइल उघडता येत नसे तिच्याबद्दल तो वापरणाऱ्याला विचारत असे: उघडू की साठवू? फाइल कशाची आहे हे सर्व्हर सांगे, आणि सांगायची रीत ईमेलसाठी तयार झालेल्या माइम या मानकातून घेतलेली होती. 'ही फाइल पानातच दाखव' किंवा 'ही वेगळी उतरवून घे' असं सांगणारी कंटेंट-डिस्पोझिशन ही ओळसुद्धा मूळची ईमेलचीच, १९९५-९७ मधली. वेबसाठी तिचं नीट मानक व्हायला २०११ साल उजाडलं. एखाद्या संकेतस्थळावरचा शासन निर्णय टॅबमध्ये उघडतो आणि दुसऱ्यावरचा थेट फोल्डरात जाऊन पडतो, यामागे बहुतेक वेळा सर्व्हरने पाठवलेली ही एक ओळ असते. लोक मात्र दोष ब्राउझरला देतात.

फाइल ठेवायची कुठे, याचं उत्तर तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी मिळालं. २००७ च्या जानेवारीत आलेल्या विंडोज व्हिस्टाने प्रत्येक खात्याला 'डाउनलोड्स' फोल्डर दिला, त्याच वर्षी अॅपलच्या लेपर्डने दिला आणि लिनक्सच्या डेस्कटॉपांनीही तोच ठराव केला. त्याआधी मॅकवर फाइल सरळ डेस्कटॉपवर येऊन बसत असे.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि त्याने विचारणंच बंद केलं. क्लिक केलं की फाइल फोल्डरात, खाली पट्टीवर तिचं नाव. इंटरनेट एक्सप्लोरर आणि फायरफॉक्स विचारत राहिले, पण मार्च २०२२ मध्ये फायरफॉक्सच्या ९८ व्या आवृत्तीनेही क्रोमची वाट धरली. जूनमध्ये एक्सप्लोरर निवृत्त झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये क्रोमने खालची पट्टी काढून उजव्या कोपऱ्यात एक छोटा बाण ठेवला, आणि सवयीने खाली बघणारे काही दिवस "डाउनलोड झालंच नाही" म्हणून पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिले.

विचारावं की मुकाट ठेवावं

न विचारता ठेवण्याच्या बाजूचं म्हणणं कमकुवत नाही. समोर आलेली चौकट लोक वाचत नाहीत, 'ओके' दाबून पुढे जातात. दहा वेळा विचारलं की अकराव्या वेळी खरा धोक्याचा इशाराही तसाच उडवला जातो. शिवाय जुन्या पद्धतीत 'उघडा' निवडलं की फाइल तात्पुरत्या फोल्डरात जाई. तिथे वर्डमधला अर्ज उघडून भरला, सेव्ह केला, खिडकी बंद केली आणि मग अर्ज कुठेच सापडेना, हा अनुभव नेट कॅफेत बसलेल्या कितीतरी उमेदवारांनी घेतला आहे. एकच ठरलेली जागा असेल तर असं होत नाही.

दुसरी बाजू म्हणते, उघडून बघायची फाइल आणि जपायची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीजबिल एकदा पाहिलं की काम झालं. त्याची प्रत कायमची का साठावी? फायरफॉक्सच्या बदलानंतर ही तक्रार इतकी झाली की त्याच वर्षी, १०२ व्या आवृत्तीत, उघडायच्या फाइली पुन्हा तात्पुरत्या फोल्डरात नेण्याची सोय द्यावी लागली. ती सोय 'अबाउट कॉन्फिग'च्या आतल्या पानांत दडलेली आहे, सेवा केंद्रातला माणूस तिथवर जाणार नाही. क्रोम आणि एजमध्ये 'प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारा' हा पर्याय साध्या सेटिंगमध्येच आहे, पण तो मुळात बंद असतो.

तिसरं मत असं की डाउनलोडच कशाला? १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये कागद सरकारकडेच राहतो, हवा तेव्हा दाखवता येतो, आणि २०१७ पासून नियमाने तो मूळ कागदाच्या बरोबरीचा आहे. कागदावर हे उत्तर उत्तमच आहे. प्रत्यक्षात खिडकीपलीकडचा कारकून "प्रिंट आणा" म्हणतो, आणि प्रिंट काढायची तर फाइल कुठल्या तरी संगणकावर उतरवावीच लागते.

चार प्रणाली, चार स्वभाव

ब्राउझर एकच असला तरी खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की फाइलचं नशीब बदलतं. सर्वांत गुंतागुंतीचा कारभार विंडोजचा. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलला ब्राउझर एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतो: ही बाहेरून आली आहे. पुढे त्या चिठ्ठीत ती कुठल्या पत्त्यावरून आली हेही लिहिलं जाऊ लागलं. स्मार्टस्क्रीनचा निळा इशारा आणि वर्ड-एक्सेलची पिवळ्या पट्टीची सुरक्षित खिडकी ही चिठ्ठी वाचूनच ठरतात. २०२२ पासून बाहेरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो अडवले जातात, तेही याच चिठ्ठीवरून.

अडचण अशी की ही चिठ्ठी एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. बाजारातले बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात; फाइल त्यावर घेतली की चिठ्ठी गळून पडते. सेवा केंद्रात डाउनलोड, पेन ड्राइव्हवर कॉपी, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट, हा आपल्याकडचा रोजचा रस्ता आहे. म्हणजे दुसऱ्या संगणकाला ती फाइल घरचीच वाटते. काही प्रोग्रामांनी झिपमधून बाहेर काढलेल्या फाइलींचंही तसंच. लोकप्रिय सेव्हन-झिपने आतल्या फाइलींना चिठ्ठी पुढे देण्याची सोय २०२२ मध्ये केली, तीही स्वतःहून चालू न होणारी.

उलट बाजूने, चिठ्ठीचा जाच वाढतोही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अद्यतनापासून विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये अशा फाइलींची झलक दिसणं बंद झालं. पूर्वी पन्नास पीडीएफांतून हवी ती नुसती निवडून उजव्या रकान्यात बघता यायची. आता 'ही फाइल धोकादायक असू शकते' असं उत्तर येतं. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन 'अनब्लॉक'वर खूण केली तर झलक परत येते. कारण रास्त होतं, झलकेतून पासवर्डसंबंधी माहिती बाहेर जाण्याची वाट त्याने बंद केली. पण दिवसभर उतारे काढणाऱ्याला त्याचा त्रासच जास्त जाणवतो. त्याच तारखेला विंडोज १० चा नियमित पाठिंबाही संपला. ज्या जुन्या यंत्रांवर ही अद्यतनं पोचणार नाहीत, तिथे झलक दिसत राहील आणि धोकाही राहील.

विंडोजची आणखी एक जुनी खोड सांगायलाच हवी. विंडोज ९५ पासून ती फाइलच्या नावाचं शेपूट लपवते. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल पडद्यावर 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. इतकी वर्षं टीका होऊनही ही मूळ सेटिंग बदललेली नाही.

मॅक आपल्या भागात कमी, म्हणून थोडक्यात: तिथेही २००७ पासून अशीच खूण लागते, २०१२ पासून गेटकीपर ती तपासतो, आणि गेल्या काही आवृत्त्यांत अनोळखी प्रोग्राम चालवण्याची वाट आणखी अरुंद झाली आहे. आयफोनवर सफारीला नीट डाउनलोड यादी मिळाली ती २०१९ मध्ये.

लिनक्सचा स्वभाव निराळा. तो फाइल कुठून आली हे विचारत नाही, तिला चालण्याची परवानगी आहे का एवढंच बघतो. डाउनलोड केलेल्या फाइलला ती परवानगी नसते, माणसाने हाताने द्यावी लागते. साधा, जुना आणि माझ्या मते अजूनही पटणारा नियम. पण कागदपत्रांच्या बाबतीत तो काहीच करत नाही. त्यात उबुंटूने २२.०४ या आवृत्तीपासून फायरफॉक्स फक्त स्नॅप नावाच्या बंदिस्त पेटीत दिला, त्यामुळे काही फोल्डर ब्राउझरला दिसतच नाहीत आणि "फाइल आहे पण उघडत नाही" ही नवी तक्रार सुरू झाली.

खेड्यांतल्या बहुतेकांचा ब्राउझर मात्र मोबाइलमध्ये आहे. अँड्रॉइडवर क्रोमची फाइल 'डाउनलोड' फोल्डरात जाते, व्हॉट्सअॅपवर आलेली व्हॉट्सअॅपच्या स्वतःच्या फोल्डरात, आणि २०१९-२० पासून अँड्रॉइडने एका अॅपला दुसऱ्याच्या जागेत डोकावायला बंदी घातल्यावर हे कप्पे आणखी खोल गेले. "मघाशी उतरवली होती, आता सापडत नाही" हे त्यामुळे होतं. फाइल असते, ती कुठल्या अॅपमधून आली ते आठवावं लागतं.

मोबाइलवर खरा वाद एपीके, म्हणजे अॅप बसवणाऱ्या फाइलींचा आहे. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, पीएम-किसानचा हप्ता अशा नावांनी व्हॉट्सअॅपवर एपीके येतात, टाकल्या की मेसेज आणि ओटीपी वाचतात; पोलिसांचे सायबर विभाग याबद्दल वारंवार इशारे देतात. २०१७ पर्यंत 'अनोळखी स्रोत' हे एकच बटण होतं. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक अॅपला वेगळी परवानगी द्यावी लागते, क्रोमला वेगळी, व्हॉट्सअॅपला वेगळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने भारतात एक पथदर्शी प्रयोग जाहीर केला: ब्राउझर, मेसेजिंग अॅप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं आणि मेसेज वाचण्यासारख्या नाजूक परवानग्या मागणारं अॅप आपोआप अडवायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुढचं पाऊल जाहीर झालं. ज्याची ओळख पटलेली नाही अशा विकासकाचं अॅप प्रमाणित फोनवर बसणारच नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, नंतर इतरत्र. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी, विशेषतः एफ-ड्रॉइडने, याला जोरदार हरकत घेतली: फोन माझा, मग त्यावर काय बसवायचं हे गूगलने का ठरवावं? त्यानंतर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने म्हटलं. दोन्ही बाजूंना आधार आहे, आणि निकाल अजून लागायचा आहे.

नावाचा घोळ

हा भाग इंग्रजी लेखांत सहसा येत नाही, कारण तो त्यांना भेडसावत नाही. आपल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाचं नावच घ्या: ७/१२. या नावाची फाइल विंडोज किंवा लिनक्सवर बनत नाही. तिरकी रेघ विंडोजला चालत नाही, आणि लिनक्स-मॅकवर ती फोल्डर वेगळे करण्याचं चिन्ह आहे. त्यामुळे सर्व्हरने तसं नाव पाठवलंच तर ब्राउझरला त्या जागी दुसरं काही टाकावं लागतं.

देवनागरी नावांची अडचण दुसरी. सर्व्हरने ती नव्या मानकाप्रमाणे पाठवली नाहीत तर नावाऐवजी टक्केचिन्हं आणि रोमन अक्षरांची माळ उतरते. लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे ८५ चिन्हांत नाव आटपायचं. विंडोज बाइट न मोजता चिन्हं मोजतं, तिथे तेच नाव आरामात मावतं. सरकारी विषयाची ओळ तशीच नाव म्हणून दिली तर विंडोजवर बनलेली फाइल लिनक्सवर अडते, ती यामुळे.

राज्य शासनाने आपल्या निर्णयांसाठी यातून चांगली पळवाट काढली आहे. शासन निर्णयाच्या शेवटी जो लांबलचक संगणक संकेतांक छापलेला असतो, त्याचीच फाइल असते, आणि तो वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू होतो. फोल्डर नावाप्रमाणे लावला की निर्णय आपोआप तारखेप्रमाणे लागतात. गैरसोय एकच, नाव वाचून आत काय आहे ते कळत नाही.

आणि एकाच नावाची फाइल पुन्हा आली की ब्राउझर कंसात १, २, ३ लावत जातो. दहा शेतकऱ्यांचे उतारे एकाच मूळ नावाने उतरले की कुठला कोणाचा हे प्रत्येक उघडूनच पाहावं लागतं. चुकीच्या माणसाच्या हाती चुकीचा उतारा जाण्याचं हे अगदी साधं कारण आहे.

पडद्यावरची सही

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. पण तो उघडतो कशात? क्रोमने २०१० पासून आणि फायरफॉक्सने २०१३ पासून पीडीएफ आतच दाखवायला सुरुवात केली. तिथे सहीचं चित्र दिसतं. ती सही खरी का, हे क्रोमची खिडकी तपासत नाही. अॅक्रोबॅटमध्ये उघडली तर पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह येतं, कारण भारतीय प्रमाणन यंत्रणेचं मूळ प्रमाणपत्र त्या संगणकाने विश्वासू मानलेलं नसतं. ते एकदा मान्य केलं की हिरवी खूण येते. लोक प्रश्नचिन्ह पाहून "सही खोटी आहे" म्हणतात, तसं नसतं. छापल्यावर तर सही हा नुसता शाईचा डाग उरतो, म्हणून उताऱ्यावर क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक दिलेला असतो. पडताळणी त्यावरूनच करावी. ब्राउझरने स्वतः सही तपासून सांगावं का, यावर एकमत नाही; प्रत्येक देशाची प्रमाणपत्रं सांभाळण्याची जबाबदारी त्यांना नको आहे.

एक यंत्र, अनेक माणसं

वरचे सगळे निर्णय एक गोष्ट गृहीत धरून झाले आहेत: संगणक एका माणसाचा आहे. 'डाउनलोड्स' फोल्डर खात्यागणिक एक, पण सेवा केंद्रात खातंही एकच असतं. दिवसाअखेर त्या फोल्डरात निम्म्या गावाचे आधार, बँक पासबुकं, जातीचे दाखले पडलेले असतात. ई-आधारला पासवर्ड असतो, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असा ठरलेला. फोल्डरात शेजारीच शाळा सोडल्याचा दाखला असेल तर पासवर्ड शोधावाही लागत नाही.

इन्कॉग्निटो खिडकी वापरली की सगळं पुसलं जातं, असा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. भेटी पुसल्या जातात, डाउनलोड केलेली फाइल डिस्कवर राहते. क्रोम ती खिडकी उघडतानाच हे लिहून दाखवतो. इथेही प्रणालीप्रमाणे फरक पडतो: क्रोमबुकवर पाहुणा म्हणून बसलात तर सत्र संपताच डाउनलोडही जातात, विंडोजवरच्या क्रोमच्या पाहुणा खिडकीत ते तसेच राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या १४३ व्या आवृत्तीने पहिल्यांदा नेमका हा प्रश्न हातात घेतला. खासगी खिडकीत फाइल उतरवली की सत्र संपल्यावर ती ठेवायची की पुसायची, असं तो विचारतो. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स नावाचा पर्याय ठरावीक दिवस न उघडलेल्या डाउनलोड फाइली पुसू शकतो, पण डाउनलोडपुरता तो मुळात बंद असतो. तो चालू करून ठेवावा तर उद्या तेच गिऱ्हाईक "काल काढलेला उतारा पुन्हा द्या" म्हणून येईल, ही केंद्रचालकाची अडचणही खोटी नाही.

कायद्याची बाजूही मोकळीच आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. उद्देश संपला की माहिती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे. पण केंद्राच्या फोल्डरात पडून राहिलेल्या पीडीएफची जबाबदारी कोणाची, केंद्रचालकाची, पोर्टल चालवणाऱ्या खात्याची की फाइल तिथे न विचारता ठेवणाऱ्या ब्राउझरची, हे एखादं प्रकरण उभं राहील तेव्हाच ठरेल.

माझं मत विचाराल तर स्वतःच्या यंत्रावर क्रोमची रीत सोयीची आहे आणि सामायिक यंत्रावर ती चुकीची आहे. केंद्रचालकांनी सामायिक संगणकावर 'प्रत्येक वेळी विचारा' ही सेटिंग चालू करावी, गिऱ्हाइकाच्या नावाने फाइल ठेवावी आणि संध्याकाळी कुलूप लावण्याआधी फोल्डर रिकामा करावा. आणि दाखला घ्यायला जाणाऱ्यांनी प्रिंट हातात पडली की लगेच उठू नये. कंट्रोल आणि जे ही बटणं दाबून डाउनलोडची यादी उघडायला सांगावी, आपली फाइल फोल्डरातून आणि मग रिसायकल बिनमधूनही पुसायला सांगावी. यादीतून नुसतं नाव काढल्याने फाइल जात नाही.